स्लोव्हाकिया: विरोधक एकच आघाडी का करत नाहीत?

वाटसरू_सांगली

नमस्कार मंडळी. राज्यशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी युरोपातल्या एखाद्या छोट्या देशातली विरोधी आघाडी घ्यायची होती, सरांनी स्लोव्हाकिया सुचवला. देश ५४ लाखांच्या आसपास वस्तीचा, आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा, त्यामुळे आवाक्यात येईल असं वाटलं.

वाचून जे हाती लागलं ते असं: १९९८ला पंतप्रधान व्लादिमीर मेचियार यांच्याविरुद्ध पाच पक्षांनी मिळून 'स्लोव्हाक लोकशाही आघाडी' केली आणि सत्ता पालटली. आज रॉबर्ट फित्सो पंतप्रधान आहेत. त्यांच्या विरोधात ब्रातिस्लावाचे चौक माणसांनी भरतात, पण विरोधी पक्ष आपापली चूल वेगळी ठेवून बसलेत. प्रस्तावनेत मी वाक्य टाकलंय: "१९९८मध्ये एकी होती म्हणून विजय मिळाला, २०२३मध्ये फूट होती म्हणून पराभव झाला."

सरांनी त्याखाली नुसतं प्रश्नचिन्ह काढून वही परत दिली. चुकतंय कुठे? तिकडे राहणारं कुणी आहे का इथे?

---

नित्राकाठची

वाटसरू, ते वाक्य काढून टाका. सरांचं प्रश्नचिन्ह बरोबर जागी आहे. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण या विषयावर बोलायला मराठीत कुणी भेटेल असं मला वाटलं नव्हतं.

मी मूळची चिंचवडची, २०१९पासून नित्रात आहे. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना इथे २०१८ला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग आपल्याकडची बरीच मंडळी आली. त्यातलीच मी. कारखान्याला सुटे भाग देणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. राजकारण माझा अभ्यासाचा विषय नाही. पण माझ्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत, शहात्तर वर्षांच्या. इथे सगळे त्यांना 'पानी उचितेल्का' म्हणतात, म्हणजे अगदी आपल्या शाळेतल्या 'बाई'. मीही बाईच म्हणते. माझी स्लोव्हाक भाषा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार झाली, रविवारच्या सूपच्या वाडग्याशेजारी. आणि १९९८च्या निवडणुकीत बाई त्यांच्याच शाळेतल्या मतदान केंद्रावर मोजणीला होत्या. त्यामुळे त्या दोन दिवसांबद्दल मी निदान पन्नास वेळा ऐकलंय.

आधी मेचियार म्हणजे काय होतं ते बघा, त्याशिवाय लोक एवढे का हलले ते कळणार नाही. १९९५च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष मिखाल कोवाच यांच्या मुलाला पळवलं, जबरदस्तीने दारू पाजली आणि गाडीच्या डिकीत घालून सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या हाइनबुर्गला नेऊन सोडलं. संशय थेट गुप्तचर खात्यावर गेला. पुढच्या एप्रिलमध्ये रॉबर्ट रेमियाश हा तरुण गाडीतल्या स्फोटात गेला. तो त्या प्रकरणातल्या साक्षीदाराचा मित्र आणि निरोप्या होता. १९९६च्या डिसेंबरमध्ये फ्रांतिशेक गाउलिएडर या खासदाराने मेचियारांचा पक्ष सोडला, तर संसदेने त्याची खासदारकीच काढून घेतली. घटना न्यायालयाने हे त्याच्या हक्कांचं उल्लंघन आहे असं सांगितलं, तरी त्याची जागा त्याला परत मिळाली नाही. कोवाच यांची मुदत १९९८च्या मार्चमध्ये संपली. नवा राष्ट्राध्यक्ष निवडायला संसदेत ९० मतं लागत, ती कुणालाच मिळेनात. मग त्या पदाचे काही अधिकार मेचियारांकडे आले आणि त्यांनी पहिल्याच दिवसांत त्या अपहरण प्रकरणाला माफी देऊन टाकली. युरोपीय संघाने आणि नाटोने १९९७ला शेजारच्या झेक आणि हंगेरीला आत बोलावलं, स्लोव्हाकियाला बाहेर ठेवलं.

पण बाई या गोष्टी सांगताना एवढ्या पेटत नाहीत. त्या पेटतात प्रगतिपुस्तकांवरून. नित्राच्या डोक्यावर झोबोर नावाचा डोंगर आहे, त्याच्या पलीकडे काही हंगेरियन बोलणारी गावं आहेत. तिथल्या हंगेरियन शाळांत मुलांना प्रगतिपुस्तक दोन्ही भाषांत मिळायचं. १९९७ला ते फक्त स्लोव्हाकमध्ये द्यायचं फर्मान निघालं. बाई स्वतः पक्क्या स्लोव्हाक, घरात हंगेरियनचा शब्द नाही. पण तिकडच्या एका शाळेत त्यांची मैत्रीण होती. "पोराला गणितात पहिला नंबर मिळाला आणि आजीला ते वाचता येत नाही, यात देशाचं काय भलं झालं?" हे वाक्य म्हणताना आजही त्यांचा हात टेबलावर आपटतो.

आता आघाडीकडे. पाच पक्ष एकत्र आले ते १९९७च्या उन्हाळ्यात: ख्रिस्ती लोकशाहीवादी, लोकशाही संघ, लोकशाही पक्ष, समाजवादी लोकशाहीवादी आणि हरित पक्ष. म्हणजे देवळात, अहो चर्चमध्ये, दर रविवारी जाणारे आणि झाडांसाठी मोर्चे काढणारे एका यादीत. तोपर्यंतचा नियम असा होता की एकट्या पक्षाला संसदेत यायला ५ टक्के मतं हवीत, दोन-तीन पक्षांच्या आघाडीला ७, चार किंवा जास्त पक्षांच्या आघाडीला १०. पाच जण मिळून १० टक्के, काहीच अवघड नव्हतं.

मेचियारांच्या बहुमताने १९९८च्या मे महिन्यात, निवडणुकीला चार महिने उरले असताना, कायदा बदलला. आघाडीतल्या प्रत्येक पक्षाच्या वाट्याला ५ टक्के यायला हवेत. पाच पक्ष म्हणजे पंचवीस. आणि हरित पक्ष ५ टक्के कुठून आणणार?

तेव्हा त्यांनी जे केलं ते नीट समजून घ्या, तुमच्या प्रबंधाचा गाभा तिथे आहे. जुलैमध्ये त्यांनी आघाडीचाच पक्ष म्हणून नोंदणी केली. नावात 'आघाडी' तसंच राहिलं, पण कायद्याच्या नजरेत तो एकच पक्ष. त्याचे सदस्य कोण, तर जवळपास यादीतले उमेदवारच. अध्यक्ष मिकुलाश झुरिंदा, ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांमधला दुसऱ्या फळीतला माणूस, आधी वाहतूकमंत्री होता. मूळ पाच पक्ष मागे तसेच उभे राहिले. स्लोव्हाकमध्ये त्यांना 'आईपक्ष' म्हणतात, मी मनात 'माहेरचे पक्ष' म्हणते, कारण नातं तसंच होतं: नाव बदललं, घर बदललं, ओढ तिकडचीच. मेचियारांचा पक्ष ही नोंदणी रद्द करा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथे हरला. त्याच कायद्यामुळे हंगेरियनांचे तीन पक्षही एकत्र येऊन एक झाले.

झुरिंदांनी प्रचारासाठी सायकलवरून देश पालथा घातला. माणूस मॅरेथॉन धावणारा, त्यामुळे ते नाटकी वाटलं नाही. दुसरीकडे पक्षांशी संबंध नसलेल्या संस्थांनी 'ओके ९८' नावाची मोहीम चालवली, कुणाला मत द्या हे न सांगता फक्त मत द्या म्हणून. तरुणांसाठी गाण्याचे कार्यक्रम झाले. १९९४ला मतदान ७६ टक्क्यांच्या जवळ होतं, १९९८ला ते ८४ टक्क्यांच्या वर गेलं. ही आठ टक्के माणसं कुठल्याही आघाडीच्या कागदावर नव्हती.

मतदान २५ आणि २६ सप्टेंबर, शुक्रवार-शनिवार. इथली पद्धत आपल्यापेक्षा अगदी वेगळी आहे. सगळा देश मिळून एकच मतदारसंघ, १५० जागा. मतदाराला प्रत्येक पक्षाची एकेक छापील यादी असा गठ्ठा मिळतो, त्या वेळी १७ याद्या होत्या. पडद्यामागे जायचं, एक यादी लिफाफ्यात घालायची, हवं तर तिच्यातल्या चार नावांभोवती गोल करायचे, बाकीच्या टाकून द्यायच्या. बाई सांगतात, पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंतच नको असलेल्या याद्यांची टोपली दोनदा रिकामी करावी लागली होती आणि शाळेच्या शिपायाने "एवढं मी आजवर पाहिलं नाही" असं म्हटलं होतं. त्यांनी शिकवलेली, अठरा वर्षांची झालेली पोरं रांगेत उभी राहून "बाई, पेन आहे का?" विचारत होती. यादीवर गोल करायला.

निकाल पाहा. मेचियार २७ टक्के आणि ४३ जागा. झुरिंदांची आघाडी २६.३३ टक्के आणि ४२ जागा. म्हणजे वाटसरू, आघाडी पहिली आलीच नाही! मेचियारच पहिले आले. पण त्यांचा सोबती राष्ट्रवादी पक्ष १४ जागांवर थांबला, तिसरा सोबती कामगारांचा पक्ष ५ टक्क्यांच्या कितीतरी खाली घसरला. ४३ आणि १४, सत्तावन्न. बहुमताला ७६ हवेत.

समोरच्या बाजूला मात्र चार पक्ष उभे होते. झुरिंदांचे ४२, जुन्या कम्युनिस्टांमधून आलेला डावा पक्ष २३, हंगेरियनांचा १५, कोशित्सेचे महापौर रुडोल्फ शुस्टर यांनी त्याच वर्षी काढलेला नवा पक्ष १३. बेरीज ९३. मेचियारांनी सरकारी टीव्हीवर निरोपाचं गाणं म्हटलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी झुरिंदा पंतप्रधान झाले.

आता या आकड्यांशी थोडं बसा. हंगेरियनांना वगळलं असतं तरी ७८ होत होते, सरकार आरामात बनलं असतं, आणि डाव्यांना ते नकोच होते. पण घटना बदलायला ९० लागतात. हंगेरियन आत आले म्हणून ९३ झाले, म्हणून १९९९च्या जानेवारीत घटनादुरुस्ती होऊन राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडायचा ठरला, आणि त्या मे महिन्यात शुस्टर यांनी मेचियारांना समोरासमोर हरवलं. ज्यांना देशात परके ठरवलं जात होतं, त्यांच्या पंधरा जणांच्या हातांनी हे कुलूप उघडलं. बाई इथे थांबतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात, "लिही हे कुठेतरी." म्हणून लिहिलं.

माझं म्हणणं एवढंच की १९९८ला 'एकी' नव्हती. चार वेगवेगळे दरवाजे होते. चर्चवाल्या गावातला माणूस एका दरवाजाने आला, कारखान्यातला जुना कम्युनिस्ट दुसऱ्या, झोबोरपलीकडचा हंगेरियन तिसऱ्या, आणि कुठल्याच जुन्या पक्षावर विश्वास नसलेला चौथ्या. हे सगळे एकाच यादीत कोंबले असते तर अर्धे घरी बसले असते. चारही पक्ष आपापल्या बळावर ५ टक्क्यांच्या वर राहिले आणि मेचियारांबरोबर बसायचं नाही हे त्यांचं ठरलेलं होतं, म्हणून जमलं.

---

आप्पा_सदाशिव

फार सुंदर लिहिलंत ताई. माहेरच्या पक्षांवरून आमच्या तरुणपणीचा जनता पक्ष आठवला. १९७७ला तोही असाच घाईने एक झालेला, आणि पुढे दुहेरी सदस्यत्वाच्या वादावर फुटला. मधू लिमये ते प्रकरण कसं लावून धरत होते ते आम्ही रोज वर्तमानपत्रात वाचायचो. तिकडेही मोडलं का हो ते? की टिकलं?

---

डॅन्यूबपार

हंगेरीतून, बुडापेस्टहून. ताईंच्या म्हणण्याला आमच्याकडून पुस्ती जोडतो, कारण इथे नेमकं उलटं करून पाहिलं गेलं. २०२२ला सहा विरोधी पक्ष एकत्र आले, डाव्यांपासून ते एकेकाळच्या कडव्या राष्ट्रवादी योब्बिकपर्यंत. २०२१च्या शरदात देशभर प्राथमिक निवडणुका घेऊन पंतप्रधानपदाचा उमेदवारही ठरवला, पेटर मार्की-झाय, एका लहान शहराचे महापौर. मी तेव्हा ऑफिसातल्या मित्राबरोबर त्या रांगेत जाऊन उभा राहिलो होतो, त्याच्या चेहऱ्यावरची आशा अजून आठवते.

तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांच्या पक्षाने १९९पैकी १३५ जागा घेतल्या. आघाडीला ५७. २०१८ला याच पक्षांनी वेगवेगळं लढून मिळवलेल्या मतांची बेरीज ४५ टक्क्यांच्या वर जात होती, एकत्र आल्यावर ती ३४च्या आसपास आली. योब्बिकचा मतदार समाजवाद्यांच्या शेजारी यायला तयार नव्हता, तो उठून दुसरीकडे गेला. पण त्यांच्यापुढे पर्याय तरी काय होता? १९९पैकी १०६ जागा एकेका मतदारसंघातून, ज्याला जास्त मतं तो जिंकला अशा. तिथे तीन विरोधक उभे राहिले तर तिघेही पडतात. स्लोव्हाकियात सगळा देश एकच मतदारसंघ, त्यामुळे तुमचे चार दरवाजे चालले. वाटसरू, आघाडीचा अभ्यास करताना आधी निवडणूक कायदा वाच, भाषणं नंतर.

---

वाटसरू_सांगली

ताई, दादा, मनापासून आभार. पहिलं वाक्य खोडलं. पण मग पुढचा प्रश्न अडतो. आज पाच टक्क्यांचा तो प्रत्येकी नियम स्लोव्हाकियात नाही. मग निदान दोघा-तिघांनी एकत्र यायला काय हरकत आहे? आणि २०२३ला नक्की कशाने हरले? आप्पांचा प्रश्नही राहिलाय.

---

नित्राकाठची

आप्पा, आधी तुम्हाला. टिकलं नाही. पण तुमच्याकडे वाद झाला तो जनसंघातून आलेल्यांच्या संघाशी असलेल्या नात्यावरून. इथे दोन घरांची ओढ पहिल्या दिवसापासून उघड होती, रचनाच तशी होती. निवडणूक झाली आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी म्हणाले, आता कायद्याची अडचण सरली, पुन्हा पाच पक्षांची साधी आघाडी होऊ. झुरिंदा म्हणाले, लोकांनी या पक्षाला मत दिलंय, हाच पुढे न्यायचा. बाईंचे भाऊ ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांचे जुने कार्यकर्ते. नाताळच्या जेवणाला दोघं बहीण-भाऊ या एकाच मुद्द्यावर भांडले होते असं त्या सांगतात, आणि भाऊ आता नाहीत, त्यामुळे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. २०००मध्ये झुरिंदांनी स्वतःचा वेगळा पक्ष काढला, ख्रिस्ती लोकशाहीवादी त्यांच्या गटातून बाहेर पडले. सरकार मात्र चार वर्षं पूर्ण टिकलं. डाव्या पक्षाचे प्रमुख योझेफ मिगाश हे संसदेचे सभापती होते, आणि त्यांनी स्वतःच पंतप्रधानांविरुद्धच्या अविश्वास ठरावाच्या बाजूने मत दिलं, तरीही टिकलं. २००२ला मेचियार पुन्हा पहिले आले, पुन्हा त्यांना सोबती मिळाला नाही, झुरिंदा पुन्हा पंतप्रधान. २००४ला देश नाटोत आणि युरोपीय संघात गेला. मी आज इथे नोकरी करते, त्यामागे तो रस्ता आहे.

त्या डाव्या पक्षाचं काय झालं? २००२ला दीड टक्काही मिळाला नाही, संपला. पण त्यातून १९९९च्या अखेरीस एक तरुण खासदार बाहेर पडला होता आणि त्याने 'स्मेर' म्हणजे 'दिशा' नावाचा पक्ष काढला होता. रॉबर्ट फित्सो. १९९८च्या त्या ९३ जणांमध्ये ते होते! ज्यांच्याविरुद्ध आज आघाडी व्हावी असं तुम्ही विचारताय, ते त्या विजयाच्या बाकावर बसलेले होते. प्रबंधात हे असलंच पाहिजे.

आता वाटसरू, तुमचा प्रश्न. आघाडीसाठी ७ आणि १०चा जुना नियम परत आला. आणि त्याने काय केलं ते २९ फेब्रुवारी २०२०च्या रात्री मी डोळ्यांनी पाहिलं.

'प्रगतिशील स्लोव्हाकिया' हा नवा पक्ष, २०१९ला राष्ट्राध्यक्ष झालेल्या झुझाना चापुतोवा यांचा, आणि 'स्पोलू', म्हणजे 'एकत्र', हा दुसरा छोटा पक्ष, या दोघांनी आघाडी केली. दोघं म्हणून उंबरठा ७ टक्के. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी त्यांच्यासाठी दारोदार फिरत होती, थंडीत तिचे ओठ फुटलेले असायचे. मतदान संपल्यावर टीव्हीने अंदाज दाखवले त्यात ते आरामात आत होते. तिने मला रात्री जागायला बोलावलं, मी शिरा करून नेला. मोजणी जशी पुढे सरकली तसे ते खाली खाली येत गेले. पहाटेला आकडा थांबला: ६.९६ टक्के. सात टक्क्यांना ९२६ मतं कमी.

दोन लाखांवर लोकांनी दिलेली मतं, जागा शून्य. दोघांनी आधीच एक पक्ष म्हणून नोंदणी केली असती तर ५चा उंबरठा लागला असता आणि ते आत बसले असते. ती मुलगी रडली नाही. ती फक्त खुर्चीवर बसून फोनवर तो आकडा पुन्हा पुन्हा उघडत राहिली. सकाळी तिला घरी सोडताना मी काय बोलावं मला कळलं नाही.

त्या रात्रीनंतर इथल्या कुठल्याही पक्षाला 'आघाडी' म्हटलं की आधी ७ दिसतं. २०२३ला प्रगतिशील स्लोव्हाकिया एकटा लढला आणि जवळपास १८ टक्के मतं घेऊन दुसरा आला, ३२ जागा. फित्सोंना ४२, त्यांच्या पक्षातून फुटून वेगळ्या झालेल्या पेटर पेलेग्रिनी यांच्या 'ह्लास'ला २७, राष्ट्रवाद्यांना १०. एकोणऐंशी. समोरच्या चार विरोधी याद्यांना ३२, १६, १२, ११, म्हणजे एकाहत्तर. पण उंबरठ्याखाली कोण गेलं ते पाहा. हंगेरियनांची 'आलियान्सिया' ४.३८ टक्के, शून्य. 'डेमोक्राती' जेमतेम ३ टक्के, शून्य. (दुसऱ्या बाजूलाही 'रेपुब्लिका' ४.७५वर बाहेर राहिली, हेही लिहा, नाहीतर एकांगी होईल.) म्हणजे मोठ्यांनी एकमेकांच्या गळ्यात गळे न घातल्याने हरले असं नाही. छोटे दरवाजे मोडले होते, त्यातून येणारी माणसं वाया गेली. १९९८ला हंगेरियनांचे १५ होते. आता झोबोरपलीकडच्या त्या गावांच्या पक्षाचा एकही नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. मी स्वतः इथे परभाषिक आहे म्हणूनही असेल. त्याखेरीज आधीच्या तीन वर्षांत इगोर मातोविच यांनी सुरू केलेल्या सरकारची जी भांडणं झाली त्याने लोक विटले होते. तो भाग तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, त्यात मी वेळ घालवत नाही.

आणि मुळात सगळे विरोधक एका बाजूचे आहेत का, हेही तपासा. २०२५च्या सप्टेंबरमध्ये फित्सोंनी घटनादुरुस्ती आणली, लिंगं फक्त दोनच मानायची वगैरे. त्यांच्याकडे ९० मतं नव्हती. ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांनी बाजूने हात वर केले, आणखी काही विरोधी खासदारही गेले, आणि बरोबर ९० झाले. तेच ९०, ज्याच्यासाठी १९९८ला हंगेरियनांना सोबत घ्यावं लागलं होतं. ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांना मी दगाबाज म्हणणार नाही. बाईंच्या भावाचा पक्ष आहे तो, त्यांची श्रद्धा खरी आहे आणि त्यांचा मतदार तेच मागतो. पण त्यांना आणि प्रगतिशीलांना एका यादीत बसवा म्हणणं म्हणजे दोघांचेही मतदार हाकलून देणं. ते वेगळे लढोत, दोघेही ५च्या वर राहोत आणि निवडणुकीआधी एवढंच सांगोत की नंतर कुणाबरोबर बसणार नाही. २०२७च्या निवडणुकीसाठी माझी आशा तेवढीच आहे. मला इथे संसदेसाठी मत नाही, पण मी ज्या टेबलावर जेवते त्या टेबलाला आहे.

डॅन्यूबपार, कायद्याबद्दल तुम्ही म्हणालात ते अगदी खरं. वाटसरू, प्रकरण पहिलं त्यावरच लिहा: १९९८च्या मे महिन्यातला बदल, मग ७ आणि १०चं परत येणं, मग ९२६.

---

वाटसरू_सांगली

ताई, ९२६ वाचून मीच थोडा वेळ गप्प झालो. प्रकरण पहिलं ठरलं. बाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची एक छोटी मुलाखत मिळेल का? प्रश्न मी इंग्रजीत पाठवतो, तुम्ही विचाराल का?

---

नित्राकाठची

प्रश्न मराठीतच पाठवा, मी थेट स्लोव्हाकमध्ये विचारते. बाईंना आत्ताच सांगितलं. त्यांनी आधी विचारलं की सांगली कुठे आहे, मग आत जाऊन कपाटातून एक खोकं काढलं. त्यात १९९८ची आघाडीची एक यादी आहे, त्यांना मिळालेल्या गठ्ठ्यातली जपून ठेवलेली. मला वाटलं होतं ती त्यांची आवडती असेल. ती त्यांनी लिफाफ्यात न घातलेली निघाली. त्या दिवशी त्यांनी मत हंगेरियनांच्या पक्षाला दिलं होतं, आणि हे त्यांनी भावालाही कधी सांगितलं नव्हतं. नाव न घालता लिहायला त्यांची हरकत नाही. शनिवारी फोटो पाठवते. प्रश्न त्याआधी द्या, रविवारी सूपला बसलो की विचारते.